ज्येष्ठता यादीत पहिलं नाव आलं, म्हणजे मुख्याध्यापक झालो का?

फळ्यावरची_तारीख (धागाकर्ती)

अनुदानित माध्यमिक शाळेत २६ वर्षं गणित शिकवलं. आमचे मुख्याध्यापक ३१ मेला निवृत्त झाले, ज्येष्ठता यादीत पुढचं नाव माझं होतं, म्हणून १ जूनला मी त्या खुर्चीत बसले. या दोन तारखांच्या मधे मला कुणी काही शिकवलं नाही, कुणी काही विचारलं नाही. संस्थेचं पत्र आलं, शिक्षणाधिकारी कार्यालयाची मान्यता यथावकाश आली, पुष्पगुच्छ झाला.

पहिल्याच आठवड्यात लिपिकांनी शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीचं पगारबिल समोर ठेवलं. कुणाची वेतननिश्चिती बरोबर, कुणाची थकबाकी निघते, कुणाची वसुली लागते, हे त्या कागदावरून वाचता येत नसताना खाली जबाबदार म्हणून सही माझी. मग यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, संचमान्यता म्हणजे पटावरून मंजूर होणारी पदं, पोषण आहाराची नोंदवही, सेवापुस्तकं, आणि कपाटात सापडलेली एक अर्धवट रोजकीर्द. हे सगळं मी रडतखडत शिकले. कागद शिकता येतात.

मला लागून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. ऑगस्टमध्ये मी एका नवीन शिक्षकाच्या आठवीच्या विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसले. तास संपल्यावर लॉगबुक उघडलं. आधीच्या दहा वर्षांच्या नोंदी चाळल्या तर जवळपास प्रत्येक पानावर ‘अध्यापन समाधानकारक, फलकलेखनाकडे लक्ष द्यावे’ असंच. मीही तेच लिहिलं. तो मुलगा समोर उभा होता, मॅडम आता काहीतरी सांगतील म्हणून वाट बघत. त्याने प्रश्न विचारले की वर्गातली तीन मुलंच उत्तर देतात आणि तो तेवढ्यावर पुढे जातो, हे मला स्पष्ट दिसलं होतं. पण ते मोठ्या माणसाला, त्याचा मान राखून आणि त्याच्या उपयोगी पडेल असं कसं सांगायचं, ते मला येत नव्हतं. २६ वर्षं मुलांना शिकवलं होतं. शिक्षकाला शिकवायला कधी शिकलेच नव्हते.

नियम काय म्हणतो ते तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. माध्यमिक शाळेच्या प्रमुखाला पदवी, बी.एड. आणि पदवीनंतर पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव हवा, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची. अशा पात्र शिक्षकांतला सर्वांत ज्येष्ठ, ज्याची सेवा समाधानकारक आहे, तो मुख्याध्यापक. झालं. शाळा चालवण्याबद्दल काही शिकलेलं असावं अशी अट त्यात नाही.

मूल्यमापनाचं म्हणाल तर माझा गोपनीय अहवाल संस्थेकडून लिहिला जातो. शाळेचं मूल्यमापन शाळासिद्धी या स्वयंमूल्यमापनाच्या चौकटीत झालं, ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं. आता एसक्यूएएएफ ही गुणवत्ता तपासणीची नवी चौकट आली, त्यात १२८ मानकं. प्रत्येकाला पुरावा जोडायचा. मी रात्री अकरापर्यंत फोटो अपलोड करत बसले होते. त्या १२८ मधल्या एकाही मानकासाठी कुणी येऊन मला विचारलं नाही, की बाई, त्या आठवीच्या तासाला तुम्ही काय सांगितलंत?

राज्याने मुख्याध्यापक कसे तयार करावेत आणि कसे तपासावेत, यावर तुमचं अनुभवाचं मत हवं आहे. नुसता संताप नको, तो माझ्याकडे पुरेसा आहे.

---

वाडीवरचा_मास्तर

ताई, तुमच्याकडे पद तरी आहे. आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पट ३४. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला १५० च्या वर मुलं असली तर मुख्याध्यापक, सहावी ते आठवीला १०० च्या वर असली तर. त्याखालच्या शाळेत दोघांतला ज्येष्ठ तो प्रभारी. म्हणजे मी. दोन वर्ग एकत्र घेऊन शिकवतो, मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक होतो. शाळा व्यवस्थापन समितीचा सचिव मी, आहाराचा हिशेब माझा, बांधकामाची मोजमापं माझी. पदाचं वेतन नाही आणि प्रशिक्षणाच्या यादीत नावही नाही, कारण कागदोपत्री मी सहशिक्षक.

धोरण करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मुख्याध्यापक म्हटलं की स्वतंत्र खोली, टेबल, शिपाई असं चित्र येतं. राज्यातल्या कितीतरी लहान शाळांत मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक एकच माणूस असतो. तयारी करायचीच तर आम्हालाही मोजा.

---

निळीशाई

मी सात वर्षांपूर्वी नोकरीला लागले, म्हणून स्पष्ट बोलते. परीक्षा घ्या. केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्यांच्या, काही जागा मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरायचं धोरण आपल्याकडे आहेच ना? मग मुख्याध्यापकांना काय झालं? केंद्रीय विद्यालयांत प्राचार्य थेट भरतीने आणि विभागीय परीक्षेने येतात. केरळात मुख्याध्यापक पदासाठी हिशेबाची आणि शिक्षण कायदा-नियमांची विभागीय परीक्षा आहे. बिहारने तर लोकसेवा आयोगाकडून मुख्याध्यापक निवडले.

आमच्या शाळेत उत्तम शिकवणारी, शाळेचा विचार करणारी ४० वर्षांची शिक्षिका आहे. ज्येष्ठता यादीप्रमाणे तिचा नंबर ती ५७ वर्षांची झाल्यावर लागेल. तोवर तिच्यातली आग उरेल का?

---

कलम_नऊ

@निळीशाई, तुमची तळमळ समजते. पण ज्येष्ठतेचा नियम का आला हे समजून घेतल्याशिवाय तो काढा म्हणू नका. मी शाळा न्यायाधिकरणापुढे शिक्षकांची अपिलं चालवतो. १९७७ च्या कायद्याचं कलम ९ बघा. बडतर्फी आणि पदावनतीइतकंच त्यात ‘पदोन्नतीत डावलणे’ हेही अपिलाचं कारण आहे. विधिमंडळाला ते मुद्दाम घालावं लागलं, कारण त्याआधी मुख्याध्यापकाची खुर्ची संस्थाचालकांच्या मर्जीवर होती. भाचा, जावई, आणि पुढे मागे पाकीट. नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ मधली ज्येष्ठता ही गरीब घरातल्या, पाठीशी कुणी नसलेल्या शिक्षकाची ढाल आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रकरणांत पाच-सहा अशी असतात, की ज्येष्ठ शिक्षिकेला ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणत कोरा नकार लिहून घेतलेला असतो. ‘कुवत बघून नेमणूक’ हे शब्द अशा संस्थेच्या हाती दिलेत तर काय होईल, ते मला रोज दिसतं.

मूल्यमापनाबद्दल एक महत्त्वाची बाब. नियम १५ प्रमाणे गोपनीय अहवाल दरवर्षी लिहायचा आणि प्रतिकूल शेरा असेल तर तो मुदतीत कळवायचा. तसं केलं नाही तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. पण प्रत्यक्षात त्यामुळे असं झालं, की संस्था अहवाल लिहीतच नाही आणि ‘समाधानकारक’ हा शेरा न लिहिता आपोआप पडतो. धागाकर्तीच्या लॉगबुकमधला ‘समाधानकारक’ आणि हा, दोन्ही एकाच कुळातले.

---

केंद्रावरून

३४ वर्षं जिल्हा परिषदेत, शेवटची ११ केंद्रप्रमुख म्हणून. निवृत्त आहे, त्यामुळे सवडीने लिहितो.

राज्यात मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण नाहीच, असं म्हणणं बरोबर नाही. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या संस्थेत २०१२ साली शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. त्यांच्या अभ्यासक्रमाचा आराखडा मी वाचलेला आहे. स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, संघबांधणी, नवोपक्रम, भागीदारी अशी क्षेत्रं त्यात आहेत आणि प्रशासन हे त्यांपैकी फक्त एक. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची मिपा ही तशीच राज्याची संस्था आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, म्हणजे आपली डी.एस.एम., हजारो शिक्षकांनी केली आहे. २०१९ मध्ये निष्ठा हे केंद्र सरकारचं प्रशिक्षण आलं, त्यात शिक्षकांबरोबर शाळाप्रमुखही होते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तर मुख्याध्यापकांनाही दरवर्षी ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे.

मग अडतं कुठे? एक तर यातलं बहुतेक सगळं खुर्चीत बसल्यानंतर येतं. पोहायला पाण्यात ढकलून मग काठावरून पुस्तक वाचून दाखवण्यासारखं. दुसरं, हे सारं पडद्यावर आलं. चित्रफीत सुरू करून माणूस पगारबिल करायला बसतो आणि प्रमाणपत्र निघतं. त्याला मी दोष देत नाही, बिल नाही गेलं तर तीस घरांचा पगार अडतो.

तिसरं जास्त खोल आहे. वर्ग बघून शिक्षकाशी बोलणं हे कसब आहे, सुतारकामासारखं. ते कुणाच्या तरी शेजारी बसूनच येतं. माझ्या केंद्रात मी एक गोष्ट सुरू केली होती, वरून आदेश नव्हता. दर महिन्याला दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना घेऊन तिसऱ्या शाळेत जायचं, तिघांनी एकच तास बघायचा, मग बाहेर झाडाखाली बसून प्रत्येकाने आपापल्या वहीत काय लिहिलं ते वाचायचं. पहिल्या दोन-तीन भेटींत सगळ्यांचं एकच, फळा, अक्षर, शिस्त. चौथ्या भेटीत एक गुरुजी म्हणाले, ‘मी आज फक्त मागच्या रांगेतल्या पाच मुलांच्या पाट्या बघितल्या. दोघांनी काहीच लिहिलं नव्हतं आणि बाईंना ते कळलं नाही.’ सगळे गप्प झाले. त्या दिवसापासून आमच्या वह्या बदलल्या. वर्षभर चाललं. मग माझ्याकडे दुसऱ्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार आला आणि थांबलं. मला त्याची अजून खंत आहे.

---

विश्वस्त_एक

इथे संस्थाचालकांवर बरंच आलं आहे. काही खरंही आहे. मी एका लहान संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, आमची एकच शाळा. आमची अडचण सांगतो. गेल्या सहा वर्षांत आम्हाला चार मुख्याध्यापक मिळाले. सगळे प्रामाणिक. पण ज्येष्ठतेने नंबर येतो तोच ५६-५७ व्या वर्षी, निवृत्ती ५८ ला. पहिलं वर्ष समजून घेण्यात, दुसरं स्वतःची पेन्शनची कागदपत्रं जमवण्यात. शाळेला दिशा द्यायला वेळच कुठे आहे? यांचं मूल्यमापन तरी कशाच्या आधारावर करायचं? १४ महिन्यांच्या कामावर काय शेरा मारणार?

वकीलसाहेबांना एक विचारतो. संस्थेच्या हाती निवड नको, मान्य. पण पदावर येण्याआधी काही प्रशिक्षण बंधनकारक करायला कायदा आडवा येतो का?

---

कलम_नऊ

@विश्वस्त_एक, चांगला प्रश्न. माझ्या मते येत नाही. पात्रतेच्या अटी नियमावलीतच आहेत, शासन नियमात दुरुस्ती करून त्यात भर घालू शकतं. पात्र लोकांमध्ये सर्वांत ज्येष्ठ, हे तत्त्व तसंच ठेवून पात्रतेत प्रशिक्षण जोडता येईल. मात्र ते प्रशिक्षण मागेल त्याला, विनाशुल्क आणि वेळेवर मिळायला हवं. नाहीतर प्रशिक्षणाला पाठवायचं नाव संस्था ठरवणार आणि डावलण्याची नवी वाट उघडणार. वरिष्ठ व निवड श्रेणीच्या प्रशिक्षणाचं काय झालं आठवा. १२ आणि २४ वर्षं पूर्ण होऊनही, प्रशिक्षण निघालं नाही म्हणून शिक्षकांची वेतनश्रेणी अडकून पडली होती. अट घालायची आणि ती पूर्ण करायची सोय करायची नाही, हा अन्याय पुन्हा नको.

शिवाय १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा निकाल ध्यानात ठेवा. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली आहे त्यांना टीईटीशिवाय नोकरीत राहता येईल, पदोन्नती मात्र नाही. पहिली ते आठवीच्या शाळांत मुख्याध्यापक होणारे नेमके याच वयाचे असतात. तिथे रांग कशी सरकते हे येत्या काळात दिसेल.

---

निळीशाई

डावलण्याबद्दल वाचून मी थोडी थांबले. माझ्या आईच्याच शाळेत तसं झालं होतं, तरी मी विसरले. पण तरीही, नुसतं वय हा निकष मला पटत नाही.

---

प्रेअरीतून

इलिनॉयमध्ये सरकारी शाळेत शिकवते, मूळची विदर्भातली. इथलं राज्यधोरण थोडक्यात सांगते, नक्कल करा म्हणून नाही.

इथे पूर्वी एक सरसकट प्रशासकीय प्रमाणपत्र होतं. संध्याकाळचे वर्ग करून कितीतरी शिक्षक ते घेत, कारण त्याने पगार वाढे, प्रिन्सिपल व्हायचा विचार नसला तरी. २०१० मध्ये राज्याने कायदा केला आणि विद्यापीठांचे जुने अभ्यासक्रम मोडीत काढून सगळ्यांना नव्याने मान्यता घ्यायला लावली. आता प्रिन्सिपल होऊ पाहणाऱ्याला खऱ्या शाळेत, चालू प्रिन्सिपलच्या हाताखाली वर्षभर उमेदवारी करावी लागते, आणि विद्यापीठाने शाळा जिल्ह्याबरोबर करार करूनच अभ्यासक्रम चालवायचा.

त्याच वर्षी दुसरा कायदा आला, मूल्यमापनाचा. प्रिन्सिपलच्या मूल्यमापनात मुलांच्या प्रगतीचा वाटा तेव्हा सक्तीचा केला. माझ्या डोळ्यांसमोरचा अनुभव असा, की उमेदवारीच्या वर्षाने माणूस बदलतो. गुणांच्या टक्क्यांनी मात्र शाळेचं लक्ष चाचणीला बसणाऱ्या वर्गांकडे आणि काठावरच्या मुलांकडे वळतं. आमच्या तिसरीकडे सगळे बघायचे, पहिलीकडे कुणी नाही.

प्रिन्सिपलने फरक पडतो याला आधार आहे. वॉलेस फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधन आढाव्यात, कमकुवत प्रिन्सिपलच्या जागी चांगला आला तर वर्षाला मुलांचं सुमारे तीन महिन्यांचं जास्तीचं शिक्षण होतं असा अंदाज आहे. तो एका शिक्षकाच्या वर्गापुरता नाही, अख्ख्या शाळेपुरता. म्हणून तयारीवर खर्च करावा असं मला मनापासून वाटतं.

---

आठवी_ब_ची_आई

मी शिक्षक नाही. आमच्या शाळेत मुख्याध्यापक बदलले तेव्हा पालकांना काय कळलं ते सांगते. आधीचे सर सकाळी फाटकात उभे असायचे, उशिरा येणाऱ्या मुलांना नावाने हाक मारायचे. नवीन सर जिल्ह्याच्या कार्यालयात जास्त आणि शाळेत कमी. माणूस वाईट नाही, त्यांना बैठकांना बोलावतातच. पण माझ्या मुलीला दोन महिने एक मुलगा त्रास देत होता, हे शाळेत कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुमच्या १२८ मध्ये ‘मुख्याध्यापक महिन्यातले किती दिवस शाळेत असतात’ हे आहे का? ते त्यांच्या हातात नसेल, तर त्यांना बोलावणाऱ्यांचं मूल्यमापन कोण करतं?

---

वाडीवरचा_मास्तर

@आठवी_ब_ची_आई, १०० टक्के. गेल्या महिन्यात माझे चार दिवस तालुक्याला गेले. चारही दिवस जोडीदार बाईंनी पाचही वर्ग एकटीने सांभाळले. माहिती तीच, तक्ता वेगळा.

---

फळ्यावरची_तारीख

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं. माझं मत धागा काढताना होतं त्यापेक्षा बदललं आहे, ते लिहिते.

परीक्षेला माझा विरोध नाही. नियम, हिशेब, सेवाशर्ती यांची साधी परीक्षा हवीच, केरळसारखी. मला ती असती तर जूनमध्ये त्या बिलावर आंधळी सही करावी लागली नसती. पण बिहारकडे बघताना एक आकडा विसरू नये. २०२२ च्या त्या परीक्षेत ६,४२१ जागांसाठी ४२१ जण उत्तीर्ण झाले. तयारीची व्यवस्था नसताना चाळणी लावली तर शाळा प्रभारींवरच चालतात. आणि माझं जे अडलं होतं, त्या तरुण शिक्षकाशी काय बोलावं, ते कुठल्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही.

ज्येष्ठता ठेवूया. वकीलसाहेबांनी सांगितलेली ढाल मला मोलाची वाटते. मी स्वतः बाई आहे, ग्रामीण भागातली आहे, ज्येष्ठता नसती तर माझं नाव कुणी घेतलं नसतं. पण ज्येष्ठतेचा एक फायदा आपण कधी वापरलाच नाही. निवृत्तीची तारीख आणि पुढचं नाव दोन्ही कितीतरी वर्षं आधी माहीत असतात! माझा नंबर येणार हे २०१८ पासून सगळ्यांना माहीत होतं. मला, संस्थेला, कार्यालयाला. एवढी पूर्वसूचना असताना मी कोरी कशी राहिले? यादीतल्या पुढच्या दोघांना किंवा तिघांना, मग ते वाडीवरच्या शाळेत प्रभारी होणारे का असेनात, दोन वर्षं आधीपासून उमेदवारी द्या. आठवड्याला काही तास मुख्याध्यापकाच्या शेजारी, महिन्याला एक दिवस केंद्रावरून यांनी सांगितलं तसं दुसऱ्या शाळेत झाडाखाली. त्यासाठी त्यांचे तास कमी करायचे, आणि ते तास घ्यायला माणूस द्यायचा. पैसा इथे लागेल. इमारत लागणार नाही.

मूल्यमापन त्यानंतरचं. ज्याला शिकवलंच नाही त्याची परीक्षा घेणं आम्ही मुलांच्या बाबतीत चूक मानतो, तेच इथे. आणि ते घ्यायचं तर माणसाने येऊन घ्यावं. वर्षातून दोन पूर्ण दिवस, दुसऱ्या तालुक्यातल्या अनुभवी मुख्याध्यापकाने. त्याने माझ्याबरोबर एक तास बघावा, मग मी शिक्षकाशी बोलते तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकावं. आठवीच्या आईसारख्या चार पालकांना भेटावं. मागच्या बाकावरच्या पाच मुलांच्या वह्या बघाव्यात. मग मला सांगावं, तोंडावर आणि लेखी, काय जमतंय आणि काय नाही. प्रतिकूल असेल तर प्रतिकूल. नियम १५ त्यासाठीच आहे. निकालाचा आकडा हवा तर बघा, पण शाळेचा पट, गळती आणि रिकामी पदं शेजारी ठेवून. शिक्षकांच्या तीन जागा रिक्त असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकाला निकालावर तोलणं मला मान्य नाही.

@विश्वस्त_एक, १४ महिन्यांच्या कारकिर्दीचं उत्तर माझ्याकडे नाही. उमेदवारीची दोन वर्षं धरली तर निदान पहिलं वर्ष समजून घेण्यात जाणार नाही, इतकंच.

---

विश्वस्त_एक

पुढच्या वर्षी आमचे मुख्याध्यापक निवृत्त होत आहेत. पुढचं नाव ठरलेलं आहे. शासनाची वाट न बघता या जूनपासून त्या शिक्षिकेचे आठवड्याचे सहा तास कमी करून त्यांना कार्यालयात बसवता येतील का, हे शाळा समितीत मांडतो. तास कोण घेणार हा प्रश्न आहेच, संस्थेच्या खर्चाने मानधनावर कुणी मिळतं का बघू.

---

केंद्रावरून

@फळ्यावरची_तारीख, त्या आठवीच्या शिक्षकाचं पुढे काय झालं?

---

फळ्यावरची_तारीख

काल परत त्याच्या तासाला गेले. लॉगबुक नेलं नाही. तास झाल्यावर त्याला म्हटलं, आज उत्तर कुणी कुणी दिलं, आठवून नावं लिही. त्याने चार नावं लिहिली, मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘मॅडम, बाकीच्यांना येत होतं की नाही, मला माहीतच नाही.’ मग आम्ही दोघं मधली सुट्टी संपेपर्यंत बोलत बसलो. सोमवारी तो माझ्या नववीच्या गणिताच्या तासाला येऊन मागे बसणार आहे.